गाडीवरचं नाव कुणाचं?

महिंद्र कंपनीनं १४ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या विजेवर चालणाऱ्या ‘बीई ६’ या गाडीची ‘बॅटमॅन’ आवृत्ती जाहीर केली, तेव्हा फक्त ३०० गाड्या बनवायचं ठरलं होतं. विचारणा एवढी झाली की आकडा ९९९ वर नेला, आणि २३ ऑगस्टला नोंदणी उघडल्यावर १३५ सेकंदांत सगळ्या संपल्या. चाकणला बनणाऱ्या या गाडीची शोरूममधली किंमत होती २७ लाख ७९ हजार. हीच गाडी, हीच ७९ किलोवॉट-तासांची बॅटरी, हीच मोटर वटवाघळाविना घेतली तर ८९ हजार रुपये कमी. म्हणजे वरचे ८९ हजार हे मंद चकाकीच्या काळ्या रंगाचे, दारावरच्या चित्राचे, सोनेरी रंगवलेल्या ब्रेकचे, दार उघडताच जमिनीवर पडणाऱ्या वटवाघळाच्या आकाराच्या उजेडाचे आणि डॅशबोर्डवर बसवलेल्या क्रमांकाच्या पट्टीचे. आणि अर्थातच नावाचे. ते नाव वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीच्या मालकीचं आहे, त्यांच्याशी करार करूनच ते वापरता आलं. वाहन आणि करमणूक यांची अशी सोयरीक हा नव्या जमान्याचा शोध आहे, अशा सुरात तेव्हा बरंच बोललं गेलं. मला ते पटत नाही. गाडीवर लोकप्रिय गोष्टीचं नाव चढवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. नवी गोष्ट एवढीच, की हे काम आता कारखाना करतो आणि त्याचे पैसे गोष्टीच्या मालकाला पोचतात. असं होण्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागल्या: बाजारात गाड्या मुबलक झाल्या आणि गोष्टींना धनी मिळाले. दोन्ही गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत घडल्या आहेत, आणि त्या पाहायला चाकणपेक्षा मंद्रूप बरं.

सोलापूरहून विजयपूरला जाणाऱ्या महामार्गावर दक्षिण सोलापूर तालुक्यात मंद्रूप लागतं. पुढे भीमा ओलांडली की कर्नाटक. एमएच-१३ आणि केए-२८ पाट्यांच्या गाड्या इथे एकमेकींच्या मागेपुढे धावतात. गावाकडे मराठी आणि कन्नड एकाच घरात नांदतात, आणि सोलापूर शहरात विणकाम करणाऱ्या पद्मशाली समाजामुळे तेलुगूही घरचीच. त्यामुळे या पट्ट्यातल्या गाडीला नाव घ्यायला तीन भाषांचे सिनेमे, तीन भाषांचे नट आणि सगळ्यांचे मिळून देव एवढा ऐवज हाताशी असतो. गळिताच्या हंगामात भंडारकवठ्याकडे किंवा सोलापूरच्या बाजूला ऊस घेऊन निघालेला ट्रॅक्टर बघावा. मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या फाळक्यावर मालकाच्या पोरांची नावं, कुलदैवत, आणि त्याच्याच जोडीला एखाद्या चित्रपटाचं नाव किंवा नटाचा चेहरा. ट्रॅक्टरवरचा डेक अर्ध्या मैलावरून ऐकू येतो. मालवाहू ट्रक, वडापच्या जीपा, टमटम, दुधाच्या मोटरसायकली यांची गत वेगळी नाही. बेंदूर किंवा कारहुणवीला बैलांच्या अंगावर रंगानं नावं लिहितात, त्यातही देवाच्या नावाशेजारी नटाचं नाव येतं. वाहन बदललं तरी सजवणारा हात तोच राहिला.

हे चालू शकलं त्याचं एक साधं, धंद्याचं कारण आहे, आणि सिनेमाच्या इतिहासात ते कुणी सांगत नाही. ट्रक पूर्ण विकलाच जात नसे. कारखान्यातून यायची ती चासी: इंजिन, चाकं, पुढचा पत्रा, आणि चालकाला बसायला काहीतरी. केबिन आणि हौदा मालकानं बांधून घ्यायचा. सुतार लाकूडकाम करी, लोहार पट्ट्या ठोके, आणि शेवटी गाडी पेंटरच्या ताब्यात जाई. ऑइल पेंट, दोन-तीन ब्रश, एक दोरी आणि खडू एवढ्या सामानावर तो काम करी. आधी दोरीला खडू फासून पत्र्यावर सरळ रेघ उठवायची, त्या रेघेवर अक्षरं बसवायची, मग अक्षराच्या उजव्या अंगाला गडद शेड मारायची म्हणजे ते पत्र्यातून वर आल्यासारखं दिसतं. आता हेच काम रेडियमवाला करतो. संगणकावर आकार काढायचा, कटिंग मशीननं चिकट चकाकत्या कागदात तो कापायचा, नको ते सोलून काढायचं, आणि राहिलेलं काचेवर ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं मधून कडेकडे दाबत न्यायचं, म्हणजे हवेचा फुगा राहत नाही. पेंटरला अक्षर यावं लागे, रेडियमवाल्याला नुसती फाइल लागते. तरी मुद्दा कायम राहतो: गाडी अर्धवट येई आणि तिचं व्यक्तिमत्त्व विकत घेणाराच पुरं करी. प्रत्येक ट्रक ही एका गाडीची विशेष आवृत्तीच होती, फक्त तिला कुणी तसं म्हणत नसे.

कारखानेही तेव्हा नावं देत, पण ती कुठून आणत ते पाहण्यासारखं आहे. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९७४ पासून, त्यांच्या कंपनीची फियाट ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावानं विकली जाऊ लागली. त्याच्या दोनच वर्षं आधी बजाजनं आकुर्डीहून आपली स्कूटर ‘चेतक’ या नावानं आणली होती. चितोडची राणी आणि राणा प्रतापांचा घोडा. दोन्ही गोष्टी घराघरात ठाऊक, पोवाड्यांपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत सर्वत्र वावरणाऱ्या, आणि दोन्हींवर कुणाचा हक्क नाही. कंपनीला परवानगी मागायची गरज नव्हती, मागायची तर कुणाकडे हाही प्रश्नच होता. सार्वजनिक विहिरीवर जसा ज्याचा पोहरा त्याचं पाणी, तसा तो व्यवहार. मंद्रूपचा ट्रकमालक आणि कुर्ल्याचा कारखानदार या बाबतीत एकाच पायरीवर होते. दोघांनीही लोकांच्या गोष्टीतलं नाव उचललं आणि दोघांनाही ते फुकट पडलं.

सिनेमातून नाव आलं ते मात्र लोकांनी आणलं, आणि त्याचं सगळ्यांत चोख उदाहरण राजदूतचं आहे. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही गावाकडची दणकट मोटरसायकल. दूधवाल्यांची, तलाठ्यांची, ग्रामसेवकांची. त्याच कंपनीनं त्याच १७५ च्या इंजिनावर एक बुटकी, छोट्या चाकांची मोटरसायकल काढली. कागदोपत्री नाव जीटीएस. सप्टेंबर १९७३ मध्ये राज कपूरचा ‘बॉबी’ आला, त्यात ऋषी कपूर आणि डिंपल या छोट्या गाडीवर बसलेले दिसले, आणि त्या दिवसापासून जीटीएस हे नाव मेलं. आजही जुन्या गाड्यांचा शौकीन ‘बॉबी राजदूत’ असंच म्हणतो, आणि जीटीएस म्हटलं तर चेहऱ्याकडे बघतो. हा काही भारतीय भाबडेपणा नव्हे. १९७७ मध्ये अमेरिकेत ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट लागला, त्यातली काळी-सोनेरी पाँटिॲक ट्रान्स ॲम लोकांच्या तोंडी ‘बँडिट’ झाली. तिकडे कंपन्यांना अशा टोपणनावाचे पैसे करायला बराच वेळ लागला. १९६८ च्या ‘बुलिट’मधल्या मस्टँगची अधिकृत ‘बुलिट’ आवृत्ती फोर्डनं काढली ती २००१ मध्ये, तेहतीस वर्षांनी. लोक आधी नाव देतात, कारखाना ते नंतर विकत घेतो, हा क्रम दोन्हीकडे सारखाच दिसतो.

सिनेमाच कशाला, खेळांनीही हेच केलं. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांसाठी बनवलेल्या बसगाड्यांपैकी काही स्पर्धा संपल्यावर एसटी महामंडळाकडे आल्या. पाटीवर ‘निमआराम’ लिहिलेलं, पण महाराष्ट्रानं त्यांना ‘एशियाड’ म्हटलं. दिल्लीत कोण धावलं आणि कुणाला पदक मिळालं हे विसरून गेलं, तरी सोलापूर स्टँडवर ‘एशियाड किती वाजता?’ हा प्रश्न विचारला जात राहिला. पुढे महामंडळानं हिरकणी, शिवनेरी, विठाई अशी नावं स्वतः दिली. तीसुद्धा पुन्हा विहिरीतलीच, इतिहासातली नि भक्तीतली. महामंडळाची ही निवड मला नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे, पण ती शहाणपणाची आहे की नुसती स्वस्त, हे ठरवणं अवघड.

इथे एक रास्त शंका निघते. कंपन्यांना नटनट्यांची किंमत तेव्हा कळत नव्हती, असं तर नाही? नाही, उत्तम कळत होती. लक्स साबणाच्या जाहिरातीत १९४१ मध्ये लीला चिटणीस आल्या, भारतीय तारकेनं लक्स हाती धरण्याची ती पहिली वेळ. त्याही आधी राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या देवीदेवतांच्या चित्रांखाली व्हिनोलिया साबणाची जाहिरात छापली जात होती. याच छापखान्यासाठी काही काळ दादासाहेब फाळके काम करत, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण देवांची बाजारू चित्रं आणि देवांचे चित्रपट एकाच कारागिरीतून निघाले. म्हणजे साबणाला चेहरा चिकटवायची अक्कल आपल्या बाजारात मोटारीच्या कारखान्याआधीची आहे. मग मोटारीनं ती का वापरली नाही? कारण साबण विकावा लागत होता, मोटार विकावी लागत नव्हती. परवाना राजवटीत किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी. बजाज स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं नंबर लावून बसणारी माणसं होती, आणि नंबर लागलेली स्कूटर जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला देणारीही. ज्याच्या दारात एवढी मोठी रांग आहे त्यानं बॉबीचं नाव कशाला विकत घ्यावं? रंग कोणता हवा हे विचारायचीसुद्धा त्याला गरज नव्हती. तेव्हा गाडीला खास करायचं काम आपसूक घेणाऱ्याच्या गळ्यात पडलं, आणि त्यानं ते पेंटरकडे सोपवलं. टंचाईनं कारखान्याला आळशी केलं नि पेंटरला कामाला लावलं.

१९९१ नंतर हा हिशेब उलटला. दुचाकींचे आणि १९९३ मध्ये मोटारींचे परवाने सुटले, नव्या कंपन्या आल्या, रांग कारखान्याच्या दारातून उठून शोरूमच्या दारात गेली आणि तिथे विक्रेताच उभा राहिला. कोरियाच्या ह्युंदाईनं १९९८ मध्ये सँट्रो आणली तेव्हा लोकांना कंपनीचं नाव धड उच्चारता येत नव्हतं, म्हणून तिनं शाहरुख खानला पुढे केलं. नट गाडीशेजारी उभा राहिला, गाडीवर चढला नाही. ती पुढची पायरी यायला आणखी वीस वर्षं गेली. रेनोनं २०१८ मध्ये क्विड या छोट्या मोटारीच्या कॅप्टन अमेरिका आणि आयर्न मॅन अशा आवृत्त्या काढल्या. टीव्हीएसनं २०२० मध्ये एनटॉर्क स्कूटर डिस्नेशी करार करून मार्व्हलच्या रंगांत आणली: लाल आयर्न मॅन, निळा कॅप्टन अमेरिका, काळा ब्लॅक पँथर. एनटॉर्क ही काही श्रीमंतांची गाडी नव्हे, ती सोलापूरच्या कॉलेजच्या पोराची गाडी आहे. बॅटमॅनची महिंद्र मात्र त्याला परवडणार नाही. पण दोन्ही एकाच गरजेतून निघाल्या. शेजारच्या शोरूममध्ये साधारण त्याच ताकदीची, त्याच किमतीची गाडी उभी असताना गिऱ्हाइकानं आपल्याकडे का यावं, याला इंजिनात उत्तर सापडेनासं झालं की ते रंगात आणि गोष्टीत शोधावं लागतं.

यावर कुणी म्हणेल की ९९९ गाड्या १३५ सेकंदांत संपल्या, ही टंचाईच नाही का? मग टंचाईत विशेष आवृत्ती निघत नाही हे म्हणणं कुठे गेलं? मी त्या आकड्यांच्या क्रमाकडे बोट दाखवीन. तीनशेचे ९९९ एका निर्णयानं झाले. पोलाद कमी पडलं नाही, परवाना लागला नाही, परकीय चलनाची चणचण नव्हती. हजार न करता ९९९ वर थांबले तेही हौसेनं. चेतकची टंचाई सरकारनं आणि भांडवलानं लादलेली होती. बॅटमॅनची टंचाई कारखान्यानं स्वतः तयार केली, डॅशबोर्डवर क्रमांकाची पट्टी लावून तिला मोल आणलं आणि विकली. माल भरपूर असल्याखेरीज असा तुटवडा कुणाला परवडत नाही.

आता दुसरी अट, गोष्टीच्या मालकीची. तिच्यावर आक्षेप अधिक जोरकस आहे. ‘बॉबी’ काय बेवारशी होता? तो आर. के. फिल्म्सचा होता, कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे, तेव्हा मालकी तर पहिल्यापासूनच होती. खरं आहे. पण कायद्याच्या पुस्तकातली मालकी आणि रस्त्यावर चालवली जाणारी मालकी यांत अंतर असतं. चित्रपटाची रिळं निर्मात्याची होती, चित्रपटाचं नाव मात्र गावजत्रेच्या तंबूत लागलं की गावाचं व्हायचं. महाराष्ट्रात हे तंबू ट्रकवर लादून फिरत, प्रोजेक्टर त्याच ट्रकमध्ये बसवलेला असे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात या शेवटच्या फिरत्या टुरिंग टॉकीजचं दर्शन घडवलं आहे. ज्या ट्रकातून सिनेमा आला त्याच्याच फाळक्यावर सिनेमाचं नाव राहिलं तर कोण हरकत घेणार? उलट ती फुकटातली जाहिरात होती. हा सैलपणा अलीकडे संपत आला आहे. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ‘शोले’ हे नाव ट्रेडमार्क म्हणून संरक्षणाला पात्र ठरवलं आणि ते परवानगीशिवाय वापरणाऱ्यांना २५ लाख रुपये भरायला लावले. ते प्रकरण संकेतस्थळाचं होतं, रिक्षाचं नव्हतं, हे मान्य. पण न्यायालयाचं म्हणणं असं होतं, की काही चित्रपटांची नावं साध्या शब्दांची हद्द ओलांडून जातात. दोन वर्षांनी, मे २०२४ मध्ये, त्याच न्यायालयानं जॅकी श्रॉफ यांच्या नावाला, आवाजाला आणि ‘भिडू’ या त्यांच्या ओळखीच्या शब्दाला व्यापारी गैरवापरापासून अंतरिम संरक्षण दिलं. भिडू! जो शब्द मुंबईच्या गल्लीतून उचलून नटानं तोंडी घातला, तो आता काही प्रमाणात नटाच्या कुंपणात गेला. रिक्षामागे तो लिहिणाऱ्याला उद्या कुणी पकडणार नाही, पण टी-शर्टांचा कारखाना त्याच्यावर आता बेधडक हात टाकू शकत नाही, आणि मोटारींचा तर नाहीच.

मंद्रूपच्या रस्त्यावरून कुणी दुसरा आक्षेप घेईल, आणि तो मला जास्त अडचणीचा वाटतो. गाड्यांवर सिनेमा असतोच किती? मोजायला बसलं तर सिद्धेश्वर प्रसन्न, आईवडिलांचा आशीर्वाद, शिवाजी महाराज, आंबेडकर, बसवेश्वर, खंडोबा हेच जास्त भरतील. मग ही करमणुकीची परंपरा कशी? ही भक्तीची नि अभिमानाची परंपरा आहे. यात तथ्य आहे, आणि महाराजांचं चित्र लावणाऱ्याला मी करमणुकीच्या यादीत बसवणार नाही. पण भक्ती आणि करमणूक यांच्यामधला बांध आपल्याकडे कधीच पक्का नव्हता. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’नं एका फारशा परिचित नसलेल्या देवीला देशभर भक्त मिळवून दिले, आणि ती देवी गाड्यांच्या काचांवर आली ती सिनेमाच्या वाटेनं. झी मराठीवर २०१४ ते २०१७ या काळात ‘जय मल्हार’ ही मालिका चालली, आणि खंडोबा म्हटल्यावर मालिकेतला, दंडात बेटकुळ्या असलेला पिळदार अंगाचा खंडोबा पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभा राहू लागला. गाडीवर ‘जय मल्हार’ लिहिणारा जेजुरीचा भक्त की मालिकेचा प्रेक्षक, हे त्याला विचारलं तर तो हसेल. आणि या प्रश्नाला उत्तर नसणं ही पेंटरच्या काळाची खूण आहे. झी मराठीनं खंडोबाचं चित्र रेखलं तरी खंडोबा तिचा झाला नाही. बॅटमॅनचं तसं नाही. त्याला वॉर्नरबाहेर घर नाही. म्हणून तर त्याच्यावर ८९ हजार रुपये आकारता येतात.

पेंटरची फार आरती ओवाळली, असंही कुणाला वाटेल. रंगकाम म्हणजे तेच मोर, तीच कमळं, तीच शायरी, शिवाय दुसऱ्याची कलाकृती बिनदिक्कत उचलणं. कारखान्यातला रंग टिकतो, सोलत नाही, आणि त्याची हमी मिळते. हे सगळं कबूल. बॅटमॅनच्या गाडीचं रंगकाम कुठल्याही गॅरेजमध्ये होण्यासारखं नाही. पण गुणवत्तेचा निकाल इथे मला द्यायचाच नाही. मला कायद्याची वागणूक नोंदवायची आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आरसीवरच्या नोंदीशी गाडी जुळली पाहिजे. गाडीचा रंग आरसीवर असतो, तो बदलला तर आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये मनाई झाली. ४१४१ चा ‘दादा’ आणि ८०५५ चा ‘बॉस’ करणाऱ्या पाट्यांवर दंड होतो, आणि आता नव्या गाड्यांना २०१९ पासून नि जुन्यांनाही उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाल्यावर तीही हौस मिटली. यातले बहुतेक नियम सुरक्षेचे आहेत आणि त्यांना माझा विरोध नाही. चासी बांधून घेण्याचा रिवाजही आकसतो आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, आणि उन्हाळ्यात मंद्रूपहून विजयपूर गाठणाऱ्या चालकाला विचारलं तर तो या नियमाला दोन्ही हात वर करून मत देईल. परिणाम मात्र एकाच दिशेनं जातो. सजावट कारखान्यात झाली तर ती मूळ नोंदीत बसते, दाराबाहेर झाली तर ती बदल ठरते. काळी बॅटमॅन महिंद्र पहिल्याच दिवशी कायदेशीर काळी असते. जुनी स्कॉर्पिओ काळी करून तिच्यावर वटवाघूळ चिकटवणाऱ्याला आरटीओचा फेरा आहे आणि वॉर्नरची तात्त्विक भीतीही.

सोलापूर जिल्ह्यानं या सगळ्याची परीक्षा घ्यायची संधी एकदा आणून दिली होती. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. त्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी लागला आणि शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्यातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि पाटलाच्या पोरीनं बुलेटवर मांड टाकून येणं हे त्या चित्रपटाच्या सगळ्यात ठसलेल्या चित्रांपैकी एक आहे. ‘बॉबी’नं एका बुटक्या मोटरसायकलला जे दिलं त्याहून जास्त ‘सैराट’नं बुलेटला दिलं, कारण इथे गाडी नुसती पाठीमागे उभी नव्हती, तिनं पात्राचा स्वभाव सांगितला. मग ‘सैराट बुलेट’ का निघाली नाही? मराठी प्रेक्षक लहान, हे उत्तर आपण सवयीनं देतो, पण शंभर कोटींपुढे ते टिकत नाही. गोष्टीला मालक नव्हता म्हणावं तर तेही नाही, झी स्टुडिओजसारखी व्यवहारी संस्था निर्मात्यांत होती, करार करायला दार उघडं होतं. अडलं ते पहिल्या अटीवर. त्या काळात रॉयल एन्फील्डच्या क्लासिक ३५० साठी गिऱ्हाइकाला महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं. दारात रांग असलेल्या कंपनीला आर्चीची गरज नव्हती, जशी १९७३ मध्ये बजाजला कुणाची नव्हती.

म्हणून ‘सैराट’ पुन्हा रेडियमवाल्याकडेच गेला, आणि आर्ची आणि नायक परशा यांची नावं मोटरसायकलींच्या टाक्यांवर आणि टमटमच्या काचांवर तिथूनच आली. अधिकृत आवृत्ती निघाली असती तर ती चेन्नईत रंगली असती, मोजक्या संख्येत आली असती, आणि पहिल्यांदा पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये लागली असती. करारात नाव आणि अक्षरांचं वळण राखून ठेवणारं कलम असतं, ते लागू झालं असतं तर करमाळ्याच्या नि मंद्रूपच्या रेडियमवाल्याला तीच अक्षरं कापायला निदान कागदावर तरी मनाई झाली असती. मराठी चित्रपटाला असा पैसा मिळायला हवा होता, असं मानणारे आहेत, आणि निर्मात्याच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं चूक नाही. मंजुळे यांच्यासारख्या दिग्दर्शकाला पुढच्या चित्रपटासाठी त्यातून बळ मिळालं असतं. पण आज एन्फील्डपुढे रांग उरलेली नाही, स्पर्धक वाढले आहेत, आणि मराठी चित्रपटांचे हक्क आता नीट नोंदवून ठेवले जातात. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या आहेत. पुढचा ‘सैराट’ या जिल्ह्यातून निघाला, तर त्याच्या नावाची गाडी कारखान्यातूनच रंगून येण्याचा संभव मला मोठा वाटतो.